जाळीतले घोडे

वसंता, तुला जन्मभर मी ‘मेल्या’ म्हणत आले. चहा निवतोय मेल्या, चपला बाहेर काढ मेल्या, आंघोळीचं पाणी तापलंय मेल्या. परवापासून तो शब्द तोंडातून निघत नाही. काल मंदानं, तुझ्या बायकोनं, ताटं घेतली आणि मी सवयीनं दाराकडे बघून तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. एवढा साधा शब्द, तोही बरोबर घेऊन गेलास.

आणि गेलास तोही भांडण अर्धं टाकून. दवाखान्यात शेवटच्या दुपारी तू तुझं सांगून मोकळा झालास, माझं ऐकायला थांबला नाहीस. ही काय रीत झाली? इतकी वर्षं मी तुला एकच प्रश्न विचारत होते, ती बंदूक भरलेली होती की रिकामी, आणि तू हसून टाळत होतास. उत्तर दिलंस ते निघताना. मग माझ्याकडे जे होतं ते मी कुणाला सांगू, भिंतीला? म्हणून आज दुकानात येऊन बसलेय. फळ्या अर्ध्याच काढल्यात. बाहेर नाशकाच्या भद्रकालीत नेहमीचा गोंधळ आहे, भाजीवाल्या ओरडताहेत, कुणाला तुझं काही पडलेलं नाही.

बाबांचं बोट तुला आठवतं? म्हणजे नसलेलं. ‘रिकामी आहे’ असं कुणीतरी सांगितलेली बंदूक पुसताना ते गेलं. आई सांगायची, बोटाचं हाड समोरच्या कपाटाच्या लाकडात रुतून बसलं होतं, चिमट्यानं काढावं लागलं. तेव्हापासून दुकानाचा नियम. बंदूक आली की पहिल्यांदा उघडायची, नळीत करंगळी घालायची आणि मोठ्यानं म्हणायचं, ‘रिकामी’. मग दुसऱ्यानं स्वतः बघून म्हणायचं, ‘रिकामी’. एकट्याचं म्हणणं धरायचं नाही. बाबा म्हणायचे, दोघांनी म्हटल्याशिवाय बंदूक रिकामी होत नाही. फौजदाराची असो नाहीतर नाटकवाल्यांची लाकडाची असो, आपण म्हणायचो. गल्लीतली पोरं आपल्याला चिडवायची, लांबून ओरडायची, ‘रिकामी!’ आणि तू त्यांच्या मागे धावायचास.

मी या दुकानात कशी आले ते तू कधी कुणाला सांगितलं नाहीस. मी सांगते, मला कसली लाज? नवरा मारायचा. त्या दिवशी त्याची थप्पड कानावर बसली, डाव्या कानातून रक्त आलं आणि तो कान गेला तो गेलाच. तू न्यायला आलास. मी म्हटलं, नीट बोल, भांडू नकोस. तू नीटच बोललास. ‘दाजी, जरा बाहेर या,’ म्हणालास आणि बाहेर ओट्याच्या दगडावर त्याचं डोकं आपटलंस. एकदा नाही. सासू किंचाळत होती, सगळी आळी जमली होती, आणि तू माझी ट्रंक डोक्यावर घेऊन पुढे चालत होतास, शर्टावर त्याचं रक्त. रस्ताभर मी तुला शिव्या घातल्या. अक्कल नाही, लोक काय म्हणतील, उद्या पोलीस येतील. तू एवढंच म्हणालास, ‘अक्का, ट्रंकेत पाटा-वरवंटा भरलास का गं?’

मग ते यंत्र आलं. मुंबईच्या कुठल्याशा चष्म्याच्या कारखान्यातून जुनं म्हणून उचललंस. स्टीलचं चौकोनी पातेलं, खाली जड पेटी, एक बटण. आवाजाच्या लाटांनी धुतं म्हणे. मी म्हटलं, खुळा झालास का, आवाजानं भांडी निघाली असती तर माझ्या सासूनं सगळ्या गावाची घासली असती. तू सिगारेटच्या पाकिटातली चांदी काढलीस, पाण्यात उभी धरलीस आणि बटण दाबलंस. बघता बघता तिची चाळण झाली. कुणी हात लावला नाही, घासलं नाही, आणि भोकंच भोकं. मला भीती वाटली आणि ते यंत्र आवडलंही.

आवाज तरी कसला, कानात सुई घातल्यासारखा. तुला तो सोसायचा नाही, ओट्यावरचं कुत्रं उठून जायचं. माझा एक कान मेलेला, म्हणून यंत्र माझ्या वाट्याला आलं. मी त्याला कढई म्हणायचे. कोमट पाणी, साबणाची पूड, त्यात तारेची जाळी टांगायची, तळाला टेकू द्यायची नाही. जाळीत सुटे भाग ठेवून बटण दाबलं की फटीफटीतून घाण धुरासारखी सुटायची, पाणी काळं व्हायचं. पण धुणं म्हणजे अर्धंच काम. कढईतून निघालेल्या लोखंडावर तेलाचा अंश उरत नाही. गरम पाण्यातून काढून, पुसून, लगेच तेलात बुडवलं नाही तर पावसाळ्यात चहा पिऊन येईपर्यंत लाल पडतं. तू विसरायचास आणि मी बोंब मारायचे.

आणि बंदुकांचेच भाग होते असं थोडंच? सराफ बाजारातून जोडवी यायची, घड्याळजींची चाकं, चष्मे, बाजाच्या पेटीचे पितळी सूर, स्टोव्हचे बर्नर. शेजारच्या मास्तरांची कवळी तू एकदा घाईत एका दुनळीच्या चापाबरोबर त्याच पाण्यात सोडलीस. मास्तर आठवडाभर म्हणत होते, चहाला दारूचा वास येतो. ते बंदुकीच्या दारूबद्दल म्हणत होते, त्यांच्या बायकोनं भलताच अर्थ घेतला. ती बाई तावातावानं दुकानात आली तेव्हा तू बाकाखाली लपलास आणि मला एकटीला तोंड द्यावं लागलं.

तर झालं असं, की बंदूक मला ठाऊक झाली ती सुटी. चाप, कमानी, स्क्रू आणि घोडे. जुन्या दुनळीला मागे दोन घोडे असतात, एकेका नळीचा एकेक, आणि खाली दोन चाप. ते आधी अंगठ्यानं मागे ओढून चढवायचे, मग चाप ओढला की घोडा खाली आपटतो आणि बार होतो. हे मला तोंडपाठ होतं. कुठल्या घोड्याचा दात झिजलाय ते मी नुसतं बोट फिरवून सांगायचे. पण जोडलेली बंदूक मी हातात घेतली ती ‘रिकामी’ म्हणण्यापुरती. खांद्याला कधी लावली नाही. तू म्हणायचास, ‘चल, एकदा शिकवतो.’ मी म्हणायचे, ‘मला कुणाचा मुडदा पाडायचाय?’

त्या बागाईतदाराचं नाव मी घेणार नाही, तोंड विटाळतं. सकाळी फळ्या काढतोय तोच तो आला. पांढरंशुभ्र धोतर, कडक टोपी, बरोबर एक गडी, गड्याच्या खांद्यावर घोंगडीत गुंडाळलेली दुनळी. ‘तुमच्या त्या नव्या मशीनमध्ये लख्ख करून द्या, बसतो मी,’ म्हणाला. तू उघडलीस, करंगळी घातलीस, ‘रिकामी’. मी बघितलं, ‘रिकामी’. उजव्या नळीला ताज्या बाराचा वास होता. तू विचारलंस, ‘डुक्कर मारलं का?’

‘हं,’ तो म्हणाला. ‘मळ्यात घुसलं होतं.’

डाव्या बाजूची पट्टी खोललीस तर आत कुंभारमाशीचं घर. बोटाच्या पेराएवढं, मातीचं, वाळून दगड झालेलं, घोड्याच्या मुळाशी चिकटून बसलेलं. वर धुळीचा आणि जुन्या तेलाचा थर, खरवडला तरी निघेना. तुला हसू आलं. ‘साहेब, हिला वर्षानुवर्षं कुणी फडकं लावलेलं दिसत नाही. माशीनं संसार थाटलाय.’ तो हसला नाही. ‘धुवा,’ म्हणाला. मी सगळं जाळीत घातलं आणि बटण दाबलं. माती विरघळली. माशीनं आत कोंबून ठेवलेले वाळके कोळी पाण्यावर आले, ते मी गाळणीनं काढून टाकले. पुसलं, तेलात बुडवलं, तू बंदूक जोडलीस. आपल्या हातचा चहा पिऊन तो उठला आणि वर मला म्हणाला, ‘बाई कामाला चांगली आहे.’

संध्याकाळी किसन आला. तेव्हा आपल्याला तो कोण हेही ठाऊक नव्हतं. रेल्वेच्या गँगमनचा निळा शर्ट, इगतपुरीहून मिळेल त्या गाडीनं आलेला, दारात उभा राहिला आणि आत येईना. ‘तुमीच बंदुका दुरुस्त करता का?’ मी म्हटलं, हो, या. तो ओट्यावरच बसला. म्हणाला, ‘माझी बहीन सुनंदा. काल तिच्या पोटात गोळी घातली. आज दुपारी दवाखान्यात जीव सोडला तिनं. सासरचे म्हणता, बंदूक पुसता पुसता उडाली. पोलिसांनी बंदूक पाह्यली, लख्ख हाय म्हणे, पोरगी रोज पुसत व्हती म्हणे. ताई, ती घोटीला आमच्या घरी कोंबडं कापायचं म्हटलं तरी पळून जायची. बंदुकीला हात लावंल का ती? त्यांच्या गड्यानं सांगितलं, सकाळी मालक, तिचा सासरा, बंदूक घेऊन तुमच्याकडं आलता.’

 तू हातातली हातोडी भिंतीवर फेकलीस. गिलाव्याचा एवढा मोठा पोपडा निघाला, तो खड्डा अजून माझ्यासमोर आहे. ‘डुक्कर म्हणाला गं तो,’ तू ओरडत होतास. ‘अक्का, डुक्कर म्हणाला! आणि मी हसलो त्याच्यापुढे!’ किसन तुझ्याकडे बघत होता. त्याला वाटलं हा माणूस आता आपल्यालाच मारणार. मी त्याला पाणी दिलं.

तुझं म्हणणं, आपण साक्ष धुतली. माझं म्हणणं, आपण बंदूक धुतली. खून त्यांनी केला, तू कशाला छाती बडवून घेतोस? या एका वाक्यावर आपण पुढे किती वर्षं भांडलो असू. जेवताना भांडलो, दिवाळीत भांडलो, तू तापानं फणफणला होतास तेव्हाही भांडलो. पण त्या दिवशी तू भांडत बसला नाहीस. सकाळी आंघोळ करून, देवाला नमस्कार करून, इस्त्रीचा शर्ट घालून पोलीस ठाण्यात गेलास आणि सांगितलंस, ती बंदूक कुणीही पुसत नव्हतं, डाव्या बाजूला माशीचं घर होतं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि माझ्या हातांनी साफ केलं. घरी येऊन दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्यास. मला वाटलं, सुटलो.

त्याच आठवड्यात त्या बागाईतदाराची माणसं आली. भर दुपार. पेठ तालुक्यातला एक म्हातारा नुकताच त्याची जुनी दुनळी बाकावर ठेवून पाणी प्यायला नळावर गेला होता. माझी कढई चालू होती, जाळीत कुणाची तरी जोडवी. तू म्हाताऱ्याची बंदूक उघडायला हात पुढे केलास आणि तिघे आत शिरले. एकानं फळ्या ओढून घेतल्या. दुसऱ्यानं तुझी मान मागून धरली. तिसरा, तो जाडजूड, त्यानं तुझा उजवा हात ओढून बाकावरच्या व्हाइसमध्ये घातला. लोखंडाच्या जबड्यात आपण नळ्या धरायचो, त्याच जबड्यात. आणि दांडा फिरवला.

‘जबाब मागं घ्यायचा,’ तो म्हणाला. ‘माशी नव्हती म्हणायचं.’

‘होती,’ तू म्हणालास.

त्यानं आणखी फिरवला. हाड मोडल्याचा आवाज मला कढईच्या आवाजातून ऐकू आला, माझ्या एकाच कानानं. तू इतक्या जोरात ओरडलास की तुझ्या ओठातून रक्त आलं, पण ओरडलास काय, तर ‘होती!’ तो फिरवत होता आणि तू ओरडत होतास, ‘होती! माशी होती! होती!’ बाकावरून रक्त जमिनीवर गळत होतं. अरे मूर्खा, म्हणायचं होतंस नव्हती! मग कोर्टात जाऊन म्हणायचं होतंस होती! एवढी साधी अक्कल तुला नव्हती. मी भिंतीला चिकटून उभी होते, आणि माझ्या मेलेल्या कानात नवऱ्याची ती थप्पड घुमत होती, आणि सुनंदा, जिला मी कधी पाहिलं नव्हतं, ती माझ्या डोळ्यांसमोर पोट धरून बसली होती.

भिंतीवर बंदुका ओळीनं टांगलेल्या होत्या. सगळ्या रिकाम्या, दोघांनी म्हटलेल्या. दुकानात एकच बंदूक अशी होती की जिला आपण अजून काही म्हटलेलं नव्हतं. म्हणून मी तीच उचलली. बाकीच्या जवळ होत्या, हाताशी होत्या, तरी वाकून म्हाताऱ्याचीच उचलली आणि त्या जाड्याच्या छातीवर धरली. ‘सोड त्याला,’ म्हटलं.

तो हसला. ‘बाई, या दुकानात सगळ्या रिकाम्या असतात. सगळ्या नाशकाला ठाऊक हाय.’

‘भरलेली,’ मी म्हणाले.

त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मग तुझ्याकडे. तुझा हात व्हाइसमध्ये, मान दुसऱ्याच्या मुठीत, तोंडाला रक्ताचा फेस. तू मान वळवून बंदुकीकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. आणि बाबांच्या दुकानात जन्मात पहिल्यांदा, न उघडता, करंगळी न घालता, तू म्हणालास, ‘भरलेली.’

आपलं दुकान कसं चालतं ते त्याला ठाऊक होतं, हीच आपल्या कामाची गोष्ट झाली. दोघांनी म्हटलं होतं. त्याचं हसू गेलं. तो मागे सरकला, त्याचे दोघे त्याच्याही आधी फळ्या ढकलून पळाले, आणि त्यानं जाताना माझ्या तोंडाकडे असं पाहिलं की काय सांगू. मी व्हाइस उलटा फिरवला. तुझा हात बाहेर आला तो हात राहिलाच नव्हता. मी पदर फाडत होते आणि तू म्हणत होतास, ‘आधी ती दे इकडे. दे ती इकडे, अक्का.’ डाव्या हातानं बंदूक घेतलीस, गुडघ्यावर टेकवलीस, माझ्याकडे पाठ केलीस आणि उघडलीस.

मी वाट बघत होते. तू म्हणशील, मग मी बघून म्हणेन. तू काहीच म्हणाला नाहीस. तुझा डावा हात खिशात जाऊन आला, मला वाटलं रुमाल काढतोस. बंदूक मिटलीस आणि खाली बसलास. म्हातारा परत आला, रक्त बघितलं, आपली बंदूक उचलून निघून गेला. कढई तशीच वाजत होती, जोडवी केव्हाच धुऊन निघाली होती.

कोर्टात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. वकिलानं तुला विचारलं, ‘ते माशीचं घर कुठे आहे?’ तू म्हणालास, ‘धुतलं गेलं.’ ‘कुणी धुतलं?’ बटण मी दाबलं होतं. तू माझं नाव घेतलं नाहीस. ‘मी,’ म्हणालास, बँडेजमधला हात वर करून. हशा पिकला. चाप सासऱ्यानं ओढला की नवऱ्यानं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. दोघे सुटले. बाहेर आल्यावर त्यांच्या लोकांनी पेढे वाटले आणि त्यातला एक आणून किसनच्याही हातावर ठेवला. किसननं मूठ इतकी आवळली की पेढ्याचा चिखल झाला. तू त्यांच्या अंगावर धावून गेलास, एकाच हातानं, आणि मी आणि किसननं तुला धरून आणलं.

घरी आलास आणि कढई उचलून गंगेत टाकायला निघालास. मी दारात आडवी झाले. म्हटलं, तिचा काय दोष? तिला सांगितलं ते तिनं धुतलं. घाण कुठली नि साक्ष कुठली हे तिला कोण सांगणार? तू माझ्यावर ओरडलास, मी तुझ्यावर, मंदा आपल्या दोघांवर. शेवटी भाजी करपल्याचा वास आला आणि कढई जागेवर गेली. पण तेव्हापासून तू बाबांच्या नियमाला तुझं शेपूट जोडलंस. काहीही धुवायचं असो, आधी आत काय आहे ते दोघांनी मोठ्यानं म्हणायचं, मग बटण. मास्तरांची कवळी आली की तू उजेडात धरून गंभीर तोंडानं म्हणायचास, ‘पालकाची काडी.’ मलाही म्हणावं लागायचं, ‘पालकाची काडी.’ मास्तर समोर उभे असायचे बिचारे.

तुझी तीन बोटं कधी सरळ झाली नाहीत. बारीक स्क्रू तुला धरता येईना. मग तू डाव्या हातानं बंदूक धरायचास आणि मी फिरवायचे. ‘हळू, आटा जाईल.’ ‘मला शिकवू नकोस.’ असं आपण दोघांनी मिळून एका माणसाचं काम केलं. त्या वर्षांत मी सुखात होते रे. तुला कधी सांगितलं नाही, सांगितलं असतं तर तू चेष्टा केली असतीस. नवऱ्याच्या घरी जे मिळालं नाही ते मला त्या तेलकट बाकावर मिळालं. किसन दर वर्षी भात झोडून झाला की घोटीहून तांदळाची गोणी घेऊन यायचा, चहा प्यायचा आणि गाडीची वेळ झाली म्हणून उठायचा. एकदाच म्हणाला होता, ‘समद्या तालुक्यात एकच मानूस “माशी व्हती” म्हणाला.’ परवा त्यानं तुला खांदा दिला. गंगेवर सगळे पांगले तरी तो तिथेच उभा होता.

तर तो प्रश्न. भरलेली की रिकामी? मी सहज विचारायचे, भांडणात विचारायचे, तू चांगल्या मूडमध्ये असलास की चहा देऊन विचारायचे. ‘तुला काय करायचंय?’ तू म्हणायचास. किंवा, ‘दोघांनी म्हटलं ना भरलेली? मग भरलेली.’ आणि हसायचास. मला वाटायचं, हसतोय म्हणजे रिकामीच होती. मग रात्री तसं वाटायचं नाही.

दवाखान्यात तुझी लघवी बंद झाली तेव्हा डॉक्टरांनी मंदाला बाजूला नेलं. मी तुझ्या उशाशी होते. तुझं तोंड सुजलं होतं, ओठ कापसानं ओले करत होते. तू एकदम डोळे उघडलेस, अगदी दुकानातले डोळे. ‘अक्का, ती बंदूक.’

मला वाटलं, कशाला आता याला त्रास. मी म्हटलं, ‘रिकामी होती, ठाऊक आहे मला.’

तू मान हलवलीस. नाही म्हणून. मोडका हात चादरीतून बाहेर काढलास आणि वाकडं बोट छातीवर ठेवलंस. ‘उजवी. उजव्या नळीत काडतूस होतं. तुला सांगितलं नाही. झोपली नसतीस तू.’ मग म्हणालास, ‘घोडे खाली होते म्हणून बरं.’ तेवढ्यात मंदा आली. तुला ग्लानी आली आणि दिवे लागायच्या आत तू गेलास.

झोपले नसते, खरं आहे. तुझ्यामुळे इतकी वर्षं झोपले. त्याबद्दल तुझे पाय धरायला हवेत, धाकटा असलास तरी. पण वसंता, आता माझं ऐक. तो जाड्या हसला ना, ‘सगळ्या रिकाम्या असतात’ म्हणून, तेव्हा मी लगेच ‘भरलेली’ म्हणाले नाही. आधी मी चाप ओढला. दोन्ही चाप, एकदम, होता नव्हता तेवढा जोर लावून. त्याच्या छातीवर नेम धरून, त्याला मारायचं म्हणूनच ओढले. काही झालं नाही. मला वाटलं रिकामी आहे. मग तोंडानं म्हणाले, भरलेली.

पुढे महिन्याभरानं कढईतून कुणाचे तरी घोडे काढत होते, तेव्हा लक्षात आलं. चढवलेच नव्हते. इतके घोडे धुतले, पुसले, तेलात बुडवले, पण मला घोडे ठाऊक होते ते जाळीतले. बंदुकीवर बसलेले, अंगठ्यानं मागे ओढायचे, हे माझ्या डोक्यात होतं, हातात नव्हतं. तेव्हापासून तुला विचारत होते. आतल्या काडतुसापासून मी किती लांब होते ते मला हवं होतं. तुला दिसलं होतं का रे माझं बोट? म्हणूनच पाठ फिरवून उघडलीस का? हे आता कोण सांगणार मला. आणि पश्चात्ताप वगैरे म्हणशील तर छे. तो आज समोर आला तर आज ओढीन.

तुझ्या नावाचं लायसन्स तुझ्याबरोबर संपलं. उद्या या सगळ्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या आहेत. म्हणून सकाळपासून एकेक खाली घेतेय. उघडली, करंगळी घातली, म्हटलं, ‘रिकामी’. आणि थांबले. पुढच्या बंदुकीलाही थांबले. मंदा दारात येऊन उभी होती, तिला काय कळलं कोण जाणे, पदर खोचून आत आली, वाकून नळीत बघितलं आणि रडत रडत म्हणाली, ‘रिकामी’. सगळ्या झाल्या. ती चहा टाकायला गेली.

शेवटची एक जुनी दुनळी होती, घोडेवाली. दोघींनी म्हटलेली. मी ती खांद्याला लावली, त्या पोपडा पडलेल्या भिंतीकडे धरली आणि अंगठ्यानं दोन्ही घोडे मागे ओढून पाहिले. किती सोपं असतं रे ते, वसंता.